भागोजीच्या पोटाचा कौल

होडी खाडीच्या बरोबर मध्यावर आली आणि भागोजीच्या पोटात कळ आली. त्याची वल्ही थांबली. पुढे काय होणार ते होडीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. भागोजीच्या पोटाची खबर तिवरबेटावर भरती-ओहोटीइतकीच ज्याला त्याला असायची.

"दाबून धर," रावजी ओरडला. "आजच्या दिवस तरी!"

आज म्हणजे १९३१ सालच्या माघातला साखरपुड्याचा दिवस. गावचे पंच बाबाजी पाटील मुलाची सोयरीक पक्की करायला निघाले होते. सोबत बायको कृष्णाबाई, मांडीवर साखरेचा पुडा घेऊन. आणि पुतण्या रावजी. पलीकडच्या काठावर थळचे व्याही बैलगाडी घेऊन उभे होते. त्यांची पागोटी होडीतून दिसत होती.

भागोजीने होडी अलीकडच्या काठाच्या तिवरांत घुसवली, "आलोच" म्हणाला आणि गुडघाभर चिखल तुडवत झाडीआड गेला. चार वर्षं हे असंच चाललं होतं. रक्ती आव लागायची, माणूस अर्धा व्हायचा. मग एके दिवशी दुखणं आपण होऊन निघून जायचं आणि आपण होऊन परतही यायचं. जाताना ते ज्याचं औषध चालू असेल त्याला मोठा करून जायचं.

तो परतला तेव्हा ओहोटीने होडी चिखलात बसवली होती. आता भरतीशिवाय ती हलणार नव्हती. पागोट्यांनी बराच वेळ वाट पाहिली आणि मग गाडी वळली.

"गेले! विहिरीच्या मचूळ पाण्यानं होतंय हे," कृष्णाबाई म्हणाल्या.

"तेच पाणी आपुन न्हाय पीत, काकी? करणी हाय ती," रावजी म्हणाला.

"करणीची कोंबडी दिली की," भागोजी म्हणाला. "विहिरीची दिली, नजरेची दिली. खुराड्यात एक कोंबडा ऱ्हायलाय, तो बी दबून आरवतो." तेवढ्यात त्याला दुसरी कळ आली आणि तो पुन्हा झाडीत गेला.

"काका, उद्या देवीला कौल लावा," रावजी म्हणाला. "गावची होडी माझ्याकडं द्या. हा माणूस एक दिवस गाव बुडवंल."

भागोजीला दुसरं पोट भरायचं साधन नव्हतं, हे होडीत सगळ्यांना माहीत होतं. तरी बाबाजी "लावू" म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "भरती कुठवर आली बघून येतो," असं पुटपुटत तेही झाडीत शिरले.

"पाटील," झाडीतून भागोजीचा आवाज आला, "भरती तिकडनं येते."

बाबाजी घाईघाईने जवळच्याच झुडपाआड बसले. थोड्या वेळाने भागोजीने हळूच विचारलं, "रक्त पडतं?"

"दोन वर्सं झाली."

"कुनाला बोलला न्हाय?"

"सोयरीक मोडंल रं. असल्या पोटाच्या घरात पोरगी कोन देतंय?"

भागोजीने कमरेची पुरचुंडी सोडून पुढे केली. "कुड्याच्या सालीची पूड हाय. ताकातून घ्या. गुण येईल न येईल, पन कोंबडी लागत न्हाय."

दुसऱ्या दिवशी सगळं गाव देवळात जमलं. गुरवाने देवीच्या पाषाणाला दोन कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रश्न पंचाने विचारायचा. भागोजी खांबाला टेकून खाली मान घालून उभा होता. रंगू, त्याची बायको, पदर तोंडात धरून होती.

बाबाजींनी हात जोडले. "आई, होडी भागोजीकडंच ठेवायची असंल तर उजवी दे. आनि त्याच्याकडनं काढून घ्यायची नसंल, तर डावी दे."

डावी पडली.

गुरवाने बाबाजींकडे पाहिलं. बाबाजींनी देवीकडे पाहिलं.

"म्हंजे काय झालं?" रावजी बोटांवर काहीतरी जुळवू लागला.

"म्हंजे काढायची न्हाय. आईनं सरळ सांगितलंय," बाबाजी म्हणाले आणि प्रसाद वाटायला लागले.

पुढच्या आठवड्यात पुन्हा साखरेचा पुडा, पुन्हा तीच चौघं. या खेपेस भागोजीने मुद्दाम भरतीची वेळ धरली होती. त्याचं दुखणं सध्या गेलं होतं आणि तो मजेत वल्ही मारत होता. पलीकडे पागोटी दिसू लागली. तेवढ्यात बाबाजींच्या कपाळावर घाम फुटला.

"भागोजी," ते चोरट्या आवाजात म्हणाले, "तुझं पोट दुखतंय काय रं?"

भागोजीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग एक वल्हं सोडून त्याने पोट धरलं. "व्हय पाटील. लय."

होडी तिवरांकडे वळली. "ह्याची होडी काढाय पायजे म्हनून मी कवाचा..." रावजी तावातावाने उठला आणि बोलता बोलता थांबला. त्याचाही चेहरा पांढरा पडला. होडीचं नाक चिखलाला लागायच्या आत त्यानेच पहिली उडी मारली. "भरती बघून येतो!" त्याच्यामागे बाबाजी गेले.

होडीत साखरेचा पुडा, कृष्णाबाई आणि भागोजी उरले. कृष्णाबाई बराच वेळ झाडीकडे बघत राहिल्या.

"भावजी, लय दुखतंय का हो?"

भागोजीने वल्ही मांडीवर आडवी घेतली.

"न्हाय वहिनी," तो म्हणाला. "मला आज बरं हाय."