सुंदररावांच्या गाडीतली पंगत

"गाडी आली की फोन खिशात अन् बोलणं गाडीत. कानाला काय लावायचंच न्हाई," असं सुंदररावांनी सिरसाळ्याच्या चौकातल्या हॉटेलात बसून जाहीर केलं, तेव्हा गाडी अजून शोरूममधून निघालीही नव्हती! शोरूमच्या पोरानं त्यांना सगळं समजावून दिलं होतं. फोनवर एक नंबर येतो, गाडीच्या पडद्यावर एक नंबर येतो, दोन्ही सारखे दिसले की 'हो' म्हणायचं. साखरपुड्याला याहून जास्त कटकट असते, असं सुंदररावांचं मत पडलं. ज्या माणसानं सरपंच असताना बांधावरून कोर्टात गेलेली भावकी एका पंगतीला बसवली, त्याला एक फोन आणि एक गाडी जुळवता येऊ नये?

गाडी घेण्याचं खरं कारण मात्र त्यांनी हॉटेलात सांगितलं नाही.

खरं कारण होतं शिवकन्या. सुंदररावांची एकुलती एक लेक, पुण्यात नोकरीला. तिची आई तुळजाबाई गेल्यापासून ती रोज संध्याकाळी ऑफिसातून घरी जाताना गाडीतून अण्णांना फोन करायची. घरी पोचली की पोरं, स्वयंपाक, सासूची औषधं, मग कुठला फोन! म्हणजे रस्त्यात ट्रॅफिक असेल तेवढंच बोलणं. सगळं जग पुण्याच्या ट्रॅफिकला शिव्या घालतं, एकटे सुंदरराव त्याला दुवा द्यायचे. तिच्या वाटेवर नवा उड्डाणपूल झाला आणि तिला घरी लवकर पोचता यायला लागलं, तेव्हा सुंदररावांना असं वाईट वाटलं, जणू सरकारनं तो पूल त्यांच्याच रानातून काढला.

त्यात आणखी एक अडचण होती, आणि ती त्यांनी देवालासुद्धा सांगितली नव्हती. त्यांना फोनवरचं नीट ऐकू यायचं नाही. समोरासमोर ठीक होतं. सिरसाळ्याची माणसं मोकळ्या गळ्याची, सुंदररावांशी तर जरा जास्तच मोठ्यानं बोलायची. माजी सरपंचाला एवढा मान असायचाच, असं ते समजत. फोनवर मात्र लेकीचा आवाज डब्यात भुंगा कोंडल्यासारखा गुणगुणायचा. स्पीकर लावला तर भुंगा मोठा व्हायचा, एवढंच. मग सुंदरराव अंदाजानं बोलायचे. "हो हो. बरं बरं. चाललंय. तू जपून." एवढ्या भांडवलावर ते रोजचं बोलणं निभावून न्यायचे. फोन बंद झाला की भुंगाही थांबायचा, आणि कुठल्या खोलीत जाऊन बसावं हे त्यांना कळायचं नाही.

कानाला मशीन लावा, असं एकदा एका लग्नात व्याह्यांनी सुचवलं होतं. सुंदरराव भरल्या पानावरून उठून घरी आले होते. व्याह्यांचं तेवढं वाक्य त्यांना स्वच्छ ऐकू आलं होतं.

मग दिवाळीला शिवकन्या आली आणि अण्णांना आपल्या गाडीतून परळीला वैजनाथाच्या दर्शनाला घेऊन निघाली. वाटेत जावयांचा फोन आला, आणि गाडीच्या चारी दारांतून जावई बोलायला लागले! शब्द न् शब्द सुटा, निवडलेल्या तांदळासारखा. सुंदररावांनी दचकून मागच्या सीटकडं बघितलं. जावयाचा आवाज असा येतो, तर लेकीचा कसा येईल? परळीच्या थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायच्या आत त्यांचं गाडी घ्यायचं ठरलं होतं. शिवकन्येला त्यांनी यातलं काही कळू दिलं नाही. गाडी घेतल्याचं तिला गाडीतूनच सांगायचं होतं.

गाडी आली, दारात उभी राहिली. चुलतभाऊ बंकट शेजारीच राहायचा. त्याची बायको भामाबाई, तिनं गाडीला ओवाळलं. नारळ फोडायचा मान वयानं मोठे म्हणून भावकीतल्या भागवतनानांना दिला. चाकाखाली लिंबू ठेवायचं काम भावकीतल्याच रामहरीला दिलं. राहिला बंकट. बंकट आणि सुंदरराव एका वयाचे, एका बांधाचे, आणि रुसण्यात एकमेकांना हार न जाणारे. बंकट तोंड पाडून गोठ्याकडं बघत उभा राहिला. भावकीची नस ओळखणाऱ्या सुंदररावांच्या ते लगेच ध्यानात आलं.

"बंकट," ते म्हणाले, "गाडीला पैला फोन तुझा जोडायचा."

झालं! बंकटचा फोन जोडला गेला, गाडीतली बाई गोड आवाजात 'कनेक्टेड' म्हणाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग भागवतनानांच्या फोननं काय घोडं मारलं होतं? त्यांचाही जोडला. रामहरीचा जोडला. नानांच्या दोन्ही सुनांचे जोडले. मग ज्याच्या त्याच्या हातात फोन, आणि गाडीपाशी दर्शनाला असते तशी रांग. सुंदरराव हसतमुखानं बाजूला उभे राहून प्रत्येकाला पेढा देत होते. आपला फोन त्यांनी खिशातून बाहेरसुद्धा काढला नाही. घरच्या कार्यात यजमान शेवटच्या पंगतीला बसतो. पाहुण्यांच्या आधी आपलं पान वाढून घेतलं तर लोक जन्मभर बोलतात.

सगळे गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं आणि आपला फोन काढला. पडद्यावर अक्षरं आली: यादी भरलेली आहे. नवीन फोन जोडण्यासाठी आधीचा एखादा काढून टाका.

सुंदररावांनी शोरूमच्या पोराला फोन लावला आणि बरंच ओरडून घेतल्यावर त्याचं म्हणणं त्यांना कळलं. कुणाला तरी डिलीट मारा, तो म्हणत होता. कुणाला, असं यांनी विचारलं. कुणालाही, तो म्हणाला. त्या पोराला भावकी नसावी.

पानावर बसलेला माणूस उठवायचा कसा? सुंदररावांनी रामहरीच्या नावावर बोट नेलं. पण तुळजाबाईंच्या आजारपणात अंबाजोगाईच्या दवाखान्यात रामहरी त्यांच्याजवळ बसून राहिला होता. बोट मागं आलं. भागवतनाना वयानं मोठे. सुनांना उठवलं तर नानांना उठवल्यासारखंच. आणि बंकट तर पहिल्या मानाचा. सुंदररावांनी पडदा बंद केला.

दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन उगीचच चौकात गेले आणि हॉटेलासमोर थांबले. आत बाकड्यावर बंकट चहा पीत होता, आणि त्याच्या खिशातला फोन गाडीनं बाहेरूनच ओळखला होता. एवढ्यात गाडी वाजायला लागली! पडद्यावर भामाबाईचं नाव. घाबरून त्यांनी हिरवं बटण दाबलं, आणि भामाबाई चारी दारांतून बोलल्या, "अवो, येताना चक्कीवरून दळण आणा. अन् खोबरेल संपलंय."

"हो हो. बरं बरं," सवयीनं सुंदररावांच्या तोंडून निघून गेलं, आणि फोन बंदसुद्धा झाला.

आता खाली उतरून बंकटला निरोप देता आला असता. पण तुळजाबाई गेल्यापासून 'येताना अमुक आणा' असं त्यांना कुणी म्हटलंच नव्हतं. ते मुकाट्यानं चक्कीवर गेले, दळण घेतलं, दुकानातून खोबरेल घेतलं आणि बंकटच्या दारात जाऊन उभे राहिले. पीठ सांडू नये म्हणून डबा त्यांनी मांडीवर घेऊन आणला होता. नव्या गाडीतून उतरणारे, पोटापर्यंत पांढरे झालेले भावजी बघून भामाबाईंना डबा हातात घ्यायचंही सुचलं नाही.

मग एके दुपारी रामहरीच्या घरासमोरून जाताना गाडी पुन्हा वाजली. रामहरीचा मेव्हणा परळी स्टेशनवर उतरला होता, न्यायला या म्हणत होता. सुंदरराव म्हणाले, "आलोच." आणि गेले! मेव्हण्याला वाटलं, दाजींनी भाड्याची गाडी धाडली. त्यानं वाटेत दोनदा एसी कमी करायला लावला, एकदा लघवीला थांबवलं आणि मग मागच्या सीटवर पाय पसरून झोपला. सुंदररावांना त्याचा राग आला नाही. गाडीत कुणीतरी होतं.

त्याच वाटेवर संध्याकाळ झाली आणि त्यांच्या खिशातला फोन वाजला. शिवकन्या. त्यांनी गाडी बाजूला घेतली, एसी बंद केला, काचा लावल्या आणि फोन कानात रुतेल एवढा दाबून धरला. भुंगा. "हो हो," ते म्हणाले. "बरं बरं." मग भुंगा एकदम थांबला. तिनं काहीतरी विचारलं होतं आणि ती उत्तराची वाट बघत होती. सुंदररावांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "चाललंय." पलीकडं बराच वेळ काही गुणगुणलं नाही. मग फोन बंद झाला.

मागच्या सीटवर मेव्हणा घोरत होता, ते अगदी व्यवस्थित ऐकू येत होतं. सगळ्या गावाच्या बायकामेव्हण्यांचे आवाज या गाडीत येत होते आणि ज्या एका आवाजासाठी ती घेतली, तेवढाच येत नव्हता. ऊस वाहणारे ट्रॅक्टर शेजारून जात राहिले आणि सुंदरराव स्टिअरिंगवर हात ठेवून रडले.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर ते बंकटच्या ओट्यावर जाऊन बसले. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी विचारलं, "बंकट, तुझा फोन गाडीतून काढू का?"

बंकटचा चेहरा पडला. दळणाचा राग धरलास होय, असं तो म्हणाला. आम्ही काय तुला दळण आणायला लावलं होतं का, असंही तो म्हणाला. सुंदररावांनी त्याला हातानं थांबवलं.

"मला ऐकू येत न्हाई रे, बंकट. पोरगी फोनवर काय बोलती, मला कायबी कळत न्हाई. गाडीत कळंल म्हणून गाडी घेतली."

एवढं बोलणं त्यांना दळणाच्या डब्यापेक्षा जड गेलं.

"तुला ऐकू येत न्हाई हे समद्या गावाला म्हाईत हाय," बंकट म्हणाला. "म्हणून तर आमी तुज्याशी वरडून बोलतो. हिचा घसा बसलाय तुज्यापायी. पण गाडी त्याच्यासाठी घेतली व्हय? कावून सांगितलं न्हाई बे?"

माजी सरपंचाचा मान म्हणून जे इतकी वर्षं कानावर घेतलं, ते असं होतं तर.

बंकट उठला, गाडीत जाऊन बसला आणि त्यानं आपलं नाव आपल्याच बोटानं पुसलं. आपण होऊन पानावरून उठलं की त्यात कुणाचा अपमान नसतो, असं तो म्हणाला. मग दोघांनी चष्मे लावून नंबर जुळवले. दोन्हीकडं सारखेच होते. 'हो' म्हटलं. गाडीतली बाई 'कनेक्टेड' म्हणाली आणि यावेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोघं म्हातारे गाडीत शेजारी शेजारी बसून पडद्याकडं बघत राहिले.

दिवेलागणीला पडद्यावर लेकीचं नाव आलं. सुंदररावांनी बटण दाबलं.

"अण्णा! जेवलात का!" चारी दारं हादरली. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. शिवकन्या पुण्याच्या भर रस्त्यात, आपल्या गाडीच्या काचा लावून, जीव खाऊन ओरडत होती. रोज अशीच ओरडत असणार.

"हळू बोल, बाई," सुंदरराव म्हणाले. "ऐकू येतंय. तुझ्या गाडीचं इंडिकेटर बी ऐकू येतंय."

पलीकडं फक्त ती टिकटिक राहिली. मग ती हळू आवाजात बोलली, आणि तो आवाज ऐकून सुंदररावांना ती शाळेतून घरी आल्यासारखं वाटलं. "म्हणजे लावलं शेवटी?"

"काय लावलं?"

"मशीन. कानाचं. दिवाळीला आणलं होतं. हातात दिलं असतं तर तुम्ही उठून गेला असता, म्हणून आईच्या कपाटात साड्यांखाली ठेवलं आणि निघाल्यावर फोनवर सांगितलं. रोज विचारते, लावलं का? तुम्ही रोज म्हणता, हो हो, बरं चाललंय."

बंकटनं तोंड खिडकीकडं फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. सुंदररावांनी समोरचा पडदा बघितला, गुबगुबीत सीटा बघितल्या, पुढं बॉनेटवर सुकलेला हार बघितला. एवढं मोठं कानाचं मशीन बीड जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडं नसेल!

"मशीन न्हाई लावलं," ते म्हणाले. "गाडी घेतली."

"गाडी? कशाला?"

"तुझं ऐकायला."

मग त्यांनीच विचारलं, "काल काय इचारलं होतंस? इचारून थांबली होतीस."

"आईची आठवण येते का, असं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, चाललंय."

बंकटनं हळूच दार उघडलं आणि तो खाली उतरला.

"येती," सुंदरराव म्हणाले. "लई येती."

"मलापण." इंडिकेटर बंद झाला. तिचं घर आलं होतं. पण आपण जरा वेळ खाली पार्किंगमध्येच थांबतो, असं ती म्हणाली, आणि थांबली.

फोन झाल्यावर सुंदरराव घरात गेले. तुळजाबाईंचं कपाट त्यांनी त्या गेल्यापासून उघडलं नव्हतं. दार उघडल्याबरोबर डांबरगोळ्यांचा वास आला आणि त्यामागून तुळजाबाईंचा. साड्यांखाली डबी होती. त्यांनी मशीन काढलं आणि उलटसुलट करून कसंबसं कानात बसवलं. पंखा कुरकुरत होता. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. नळ ठिबकत होता, तो कधीपासून कोण जाणे. घरात बाकी कुणी नव्हतं, तेही आता नीट ऐकू आलं. ते कपाटाला टेकून उभे राहिले.

तेवढ्यात ओट्यावरून बंकटनं नेहमीच्या गळ्यानं हाक मारली, "सुंदर, सापडलं का मशीन?"

सुंदरराव कानावर हात ठेवून केवढे तरी दचकले.

"हळू बोल बे," ते आतून म्हणाले, "बहिरा हाय का मी?"