व्हरांड्यात साचलेल्या हाका

विषय : वृद्धनिवासाच्या व्हरांड्यात साचलेल्या हाका हलवण्याबाबत.
संदर्भ : मानांकन पथकाचा शेरा, ‘जाण्यायेण्याच्या वाटेत अडथळा.’

शेरा खोटा नव्हता. इंदिराबाई पाठारे रोज दिवेलागणीला दारात उभ्या राहून हाक मारीत, “दिन्या, दिवे लागले रे, घरी ये!” दिन्या, म्हणजे त्यांचा मुलगा दिनकर, कॅनडात. कुणी न घेतलेली हाक जाणार कुठे? ती व्हरांड्यातच राही. साचत साचत हाका भोजनगृहापर्यंत पोचल्या आणि म्हातारी माणसं अंग चोरून जेवायला जाऊ लागली.

“हाका तरी हलवा, नाहीतर त्या बाईंना,” तपासनीस साळगावकरबाईंनी बजावलं.

व्यवस्थापक टिपणीस धास्तावले. हाका मारणारं माणूस दुसरं कुठलंच निवास ठेवून घेत नाही. त्यांनी दिनकरला फोन लावला.

“कुरिअर करा ना,” दिनकर म्हणाला. “आईला सांगा, दिवाळीत बघतो.”

कुरिअरवाल्याने एक हाक उचलून पाहिली आणि खाली ठेवली. “साहेब, घेणारा वळून बघत नसेल तर हा माल परत येतो. आणि येताना जड होऊन येतो.”

शेवटी एका संध्याकाळी टिपणीस हळूच म्हणाले, “आलो गं आई.”

एक हाक विरली. तेवढी फरशी मोकळी झाली. आतून इंदिराबाई म्हणाल्या, “पाय धुऊन ये रे.”

फेरतपासणीला आलेल्या साळगावकरबाई मागेच उभ्या होत्या. “तुम्ही दिनकर आहात?”

“नाही.”

“मग ओ कशी दिलीत? उद्या कुणीही कुणाच्याही आईला ओ देईल!”

“दिली तर बिघडलं काय, बाई?”

“मानकात बसत नाही. रीतसर अर्ज करा.”

टिपणिसांनी दुसऱ्याच्या वतीने ओ देण्याची परवानगी मागितली. अर्ज परत आला. नात्याच्या रकान्यात ‘नाही’ चालत नव्हतं. त्यांनी पुष्कळ विचार करून ‘ऐकणारा’ असं लिहिलं आणि पुन्हा पाठवला. तोवर रोज संध्याकाळी ते दाराशी उभे राहत. इंदिराबाई हाक मारीत, थांबत, आणि म्हणत, “आज उशीर झाला वाटतं याला.” टिपणीस जन्मभर नियमाने वागलेले. ते गप्प राहत.

मार्गशीर्षात इंदिराबाई वारल्या. त्या संध्याकाळी नवी हाक पडली नाही. जुन्या अजून तशाच आहेत. टिपणीस त्यांच्याजवळ थांबतात, तोंड उघडतात, मिटतात.

अर्ज विचाराधीन आहे.