यशोदेची निळी शाल

पाचशे वर्षांपूर्वीच्या इटालियन चित्रकाराला जे जमलं, ते डोंबिवलीतल्या निवृत्त माणसाला न जमायला काय झालं? ठाण्याच्या चित्रकलेच्या क्लासमध्ये कादंबरी मॅडमनी त्याचं चित्र नक्कल करायला दिलं, तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, ‘‘मॅडम, क्लासच्या प्रदर्शनात माझी जागा राखूनच ठेवा!’’

चित्र साधं. डोक्यावरून निळी शाल घेतलेली आई, मांडीवर बाळ. आई जमली. बाळ मात्र कितीही पुसलं तरी आमच्या सोसायटीच्या चेअरमनसारखंच दिसायला लागलं. शाल चकाकावी म्हणून मी रंगात जवसाचं तेल ओतलं, ते भज्यांना लागतं तेवढं! बाकी सगळं वाळलं, शाल वाळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र प्रदर्शनासाठी पोचवायचं होतं, नाहीतर जागा गेली. म्हणून मी ते हॉलमध्ये पंख्याखाली ठेवलं.

आणि त्याच संध्याकाळी आमच्या प्रमोदिनीचं संक्रांतीचं हळदीकुंकू!

अशा वेळी नवऱ्याने बेडरूममध्ये बसायचं असतं. मी बसलो. बाहेरून वरच्या मजल्यावरच्या रचनावहिनींचा आवाज आला, ‘‘अगंबाई, यशोदा! थांबा गं, आधी हिला लावू दे.’’

‘‘कृष्ण जरा वयस्कर वाटतो, नाही?’’ दुसरी कोणीतरी म्हणाली.

‘‘देवाला नावं ठेवू नयेत!’’

मी दार किलकिलं करून ओरडलो, ‘‘वहिनी, रंग ओला आहे!’’

‘‘अहो, तुम्ही आत बसा बघू!’’ प्रमोदिनीने दार लावून घेतलं.

नंतर कळलं ते असं: प्रत्येकीने यशोदेला हळदीकुंकू लावलं, शालीला हात लावून नमस्कार केला आणि त्याच बोटांनी शेजारणीला कुंकू लावलं. थोड्या वेळाने किंकाळी ऐकू आली. सगळ्यांची कपाळं निळी! एका पैठणीवर तर अख्खा पंजा!

मग मला बाहेर बोलावण्यात आलं, खोबरेल तेल आणि कापूस घेऊन. पुसता पुसता मी चित्राकडे पाहिलं. शालीभर बोटांचे ठसे, कपाळावर कुंकवाचा थर, बाळाच्या ओठांना चिकटवलेला तिळगूळ! मला रडूच यायचं बाकी होतं.

तरी सकाळी चित्र नेलं. मॅडमनी बराच वेळ पाहिलं.

‘‘आनंदराव, बाकी सगळं निर्जीव आहे. पण हे ठसे, हे कुंकू! इथे जीव आहे. लावा भिंतीवर.’’

उद्घाटनाला सोसायटीतल्या झाडून सगळ्या बायका आल्या. ‘‘हे बोट माझं!’’ ‘‘तो तिळगूळ मी भरवला!’’ प्रेक्षक त्यांचे फोटो काढत होते. शेवटी एकाने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, ‘‘आणि हे कोण?’’

‘‘आमचे हे!’’ प्रमोदिनी कौतुकाने म्हणाली. ‘‘कॅनव्हास यांनीच आणून दिला.’’