ओढ्याकडचा नाका

मानसिंगरावांनी भाताचा पहिला घास तोंडात घातला आणि ते थांबले. चुलीपुढे बसलेल्या रतनबाईंच्या हातातली पळीही तिथेच थांबली. भातात खडा निघाला म्हणून काही सोयरीक मोडत नाही. पण मुलगी बघायला आलेल्या माणसाच्याच दाताखाली तो निघू नये, असे कुठल्याही आईला वाटणारच.

"तांदूळ कुठला म्हनायचा ह्यो?" मानसिंगरावांनी विचारले.

"घरचाच की पाव्हणं. आंबेमोहर," मुलीचा बाप सावळाराम म्हणाला.

"बघा, अगदी आमच्या आत्याच्या वावरातल्यावानी हाय! त्योच वास, तीच चव. वावर एवढंसं, धोतर वाळत घालायला पुरंल इतकं. पन पिकतं म्हनता! तांदूळ हाय, हरभरा हाय, कांदं हायती, गूळ हाय..."

"गूळ?" सोयरीक जुळवणारा गेनबा भुरका मारता मारता थांबला.

"म्हंजी ऊस लावला असंल थोडा. म्या काय बघाया गेलो न्हाई. नाका सोडून म्या कुठं हालत न्हाई."

नाका सोडून न हालणे हा मानसिंगरावांचा अभिमान होता. त्या काळी पुण्याच्या रस्त्याला, घाटाच्या पायथ्याशी टोलचा एक नाका होता. नाका म्हणजे पत्र्याची एक खोली आणि रस्त्यावर आडवा टाकलेला एक लांबलचक बांबू. मोटारीला टोल जास्त, बैलगाडीला कमी, आणि डोक्यावर ओझे घेऊन चालणाऱ्याला काहीच नाही. टोल दिला की बांबू वर जाई. हा बांबू वर-खाली करायचे काम मानसिंगराव दोन वर्षे करत होते, आणि ते इतक्या निष्ठेने की एकदा खुद्द त्यांच्या साहेबालाही त्यांनी सुटे पैसे मिळेपर्यंत उन्हात उभे केले होते.

त्यांचा मुलगा भिमा खडकीच्या कारखान्यात कामाला होता. मुलगा निर्व्यसनी, हातात हुन्नर. असे स्थळ कामथडीत चालत आले म्हणून सावळाराम आणि रतनबाई चार दिवस नीट झोपले नव्हते. मुलगी बना समोर येऊन बसली, तेव्हा मानसिंगरावांनी तिला स्वयंपाकाचे, शिवणाचे काहीच विचारले नाही. त्यांनी विचारले, "असं समज, तुजी गाडी नाक्यावर आली. नाकेदार जेवायला गेलाय. बांबू वरच हाय. काय करशील?"

बनाने थोडा विचार केला. "थांबंन."

"का?"

"त्यो जेवून येईल की."

मानसिंगरावांनी मांडीवर थाप मारली. "हितं खरी माणसं भेटली! सावळाराम, तुमी बी पुण्याला तांदूळ नेता न्हवं? पन नाक्यावर कधी दिसला न्हाई."

सावळाराम भरलेल्या भांड्यातच पुन्हा पाणी ओतू लागला. "आमी... पहाटं जातो, पाव्हणं."

"आन् टोल?"

"टोल तर काय, दिल्याबिगर आमचं बैलच फुडं जात न्हाईत," गेनबा मध्येच म्हणाला. गेनबाचा हा स्वभावच होता. कुणी विचारले नसेल तिथेही तो उत्तर देई, आणि विचारले असेल त्याहून मोठे देई.

"मग शब्द घरी पोचल्यावर देतो," मानसिंगराव उठत म्हणाले. "आमच्या आत्याला इचारल्याबिगर काय ठरत न्हाई. भिमाला तिनंच वाढीवलाय."

इथपर्यंत सगळे सुरळीत होते. घोटाळा केला तो मोटारीने. मानसिंगराव सकाळी प्रवासी नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीने आले होते आणि तिनेच परत जाणार होते. पण मोटार किकवीपाशी बंद पडून बसल्याची बातमी आली. दिवेलागणीला मानसिंगरावांना नाक्यावर हजर व्हायचे होते.

"त्यात काय!" गेनबा म्हणाला. "सावळारामाची गाडी हाय की!"

सावळारामने गेनबाकडे असे काही बघितले, की दुसरा कुणीही गप्प बसला असता.

गाडी जुंपली. बनाने हौसेने बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा घातल्या. रतनबाई नवऱ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "आवं, आज तरी सडकंनं जावा. बैलांस्नी सांगा."

"बैलांस्नी काय सांगायचं? कासरा माज्या हातात हाय."

हीच त्याची चूक झाली. कासरा माणसाच्या हातात असतो हे खरे. पण वाट बैलाच्या पायात असते, आणि पाखऱ्या-बाशिंग्या या जोडीच्या पायात दोन वर्षे एकच वाट मुरलेली होती. नाका जवळ आला की वाकड्या आंब्याशी डावीकडे वळायचे, ओढ्यात उतरायचे, कुणाच्या तरी वावरातून टेकडीला वळसा घालायचा आणि नाक्याच्या पलीकडे सडकेला लागायचे. सावळारामच नव्हे, निम्मी कामथडी याच वाटेने पुण्याला जाई.

रस्ताभर मानसिंगराव बोलत होते. नाका चुकवणारे कसे चेहऱ्यावरून ओळखू येतात ते सांगत होते.

"कसं वं?" गेनबाने विचारले.

"त्यांच्या कपाळाला घाम येतो."

सावळारामने मुंडाशाने कपाळ पुसले. "उकाडा लई हाय आज," तो म्हणाला.

ऊन उतरले. लांबून वाकडा आंबा दिसू लागला, आणि पाखऱ्याने कान टवकारले. सावळारामने उजवा कासरा ओढला. पाखऱ्याने मान उजवीकडे केली, पण पाय डावीकडेच टाकले. बाशिंग्याने तेवढाही मान राखला नाही. गाडी धाडदिशी सडक सोडून खाली उतरली. मानसिंगराव गेनबावर आणि गेनबा गवताच्या पेंढीवर आदळला.

"आवं, कुठं चालली गाडी?"

"बैल तान्हेलेत, पाव्हणं. वाईच पानी पाजतो."

"व्हय व्हय," गेनबा पेंढीतून म्हणाला. "लई पानी पितात. त्यांच्या आईला बी तीच खोड व्हती."

गाडी ओढ्यात उतरली. स्वच्छ, थंडगार पाणी वाहत होते. बैलांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. ते पाण्यातून सरळ पलीकडे गेले, एका जांभळीखाली जाऊन थांबले, आणि दोघांनी एकदम माना खाली घातल्या.

"ह्ये काय?" मानसिंगराव म्हणाले.

सावळारामला ते काय आहे हे चांगले माहीत होते. इथून पुढची वाट नाक्याच्या मागून, अगदी हाकेच्या अंतरावरून जात असे. म्हणून या जांभळीखाली गाडी थांबवून घुंगुरमाळा काढायच्या, पेंढीत खुपसायच्या आणि मग गुपचूप पुढे सरकायचे, असा दोन वर्षांचा शिरस्ता होता. बैल बिचारे माळा काढायची वाट बघत होते.

"हैक, हैक! चल की पाखऱ्या!" सावळाराम हळू आवाजात ओरडला. पाखऱ्याने मान आणखी खाली घातली आणि जरा हलवली. घुंगरे वाजली. जणू तो म्हणत होता, धनी, विसरलात का?

"देवाला नमस्कार करत्यात," गेनबा म्हणाला.

"कुठल्या?"

गेनबाने इकडेतिकडे बघितले. तिथे देव नव्हता. पण जांभळीमागून काठी टेकत एक म्हातारी आली. डोक्यावर पदर, कमरेला चंची, हातात रिकामे सूप.

"आलास व्हय रं सावळारामा? आन् आज उजेडीच? घुंगरं वाजवीत?" म्हातारीने विचारले. तिची नजर अधू होती. गाडीत मागे कोण बसले आहे ते तिला दिसले नाही. "काय आणलंस? माझ्या बांधावरनं फुकट जायाचं न्हाई हां. गेल्या खेपंचा आंबेमोहर लई गोड निघाला. आमचा मानसिंग तर दोनदा मागून जेवला!"

सावळारामने मुंडासे डोळ्यांपर्यंत खाली ओढले.

मग गाडीच्या मागून एक बारीक आवाज आला. "आत्या?"

सूप म्हातारीच्या हातातून निसटले; पण साळूबाई ही अशी बाई होती की सूप पडले तरी तिचा आवाज पडत नसे. "मानसिंग! तू हाईस व्हय? बरं झालं. मुलगी कशी हाय?"

"मुलगी ऱ्हाऊ दे!" मानसिंगराव गाडीतून उतरले. त्यांनी वावर बघितले. एका कोपऱ्यात चार वांगी होती. बाकी सगळी गाडीवाट. "आत्या, ह्ये आपलं वावर! हितं भात कुठाय? हरभरा कुठाय? ऊस कुठाय?"

"गाडीतनं येतो," साळूबाई शांतपणे म्हणाली. "ह्यो तांदूळ आणतो. नसरापूरचा एक कांदं देतो. गुळाचा बी हाय एक, पन त्यो लई चिकट. दर खेपंला घासाघीस करतो."

"म्हंजी तू हितं नाका चालीवतीस? माज्या नाक्याच्या पाठीमागं?"

"तुज्या नाक्याला नावं ठिवत न्हाई बाबा. पन तुज्या सडकंवर गुडघाभर खड्डं हायती. माझ्या वाटंवर दाव एक. दर आमुशाला मुरूम टाकून घेते म्या. जे घेते, त्यातलं निम्मं वाटंलाच घालते."

मानसिंगरावांनी वाट बघितली. वाट खरोखरच चांगली होती.

"आन् उरल्यालं निम्मं?" त्यांनी विचारले, पण विचारता विचारताच त्यांना उत्तर कळले आणि त्यांचा हात आपोआप पोटाकडे गेला. दोन वर्षे! सकाळी नाका चुकवणाऱ्यांच्या नावाने बोटे मोडायची आणि दुपारी त्यांच्याच तांदळाचा भात मागून मागून खायचा.

सावळाराम आता गाडीवरून उतरून पुढे आला. लपवायला काही उरले नव्हते, आणि त्यामुळे त्याच्या कपाळावरचा घामही वाळला होता.

"पाव्हणं, म्या नाका चुकीवला. दोन वर्सं चुकीवतोय. गेनबा खोटं बोलला, आन् म्या त्याला बोलू दिलं. पन पोरीनं तुमास्नी खरं सांगितलं. ती कधी माज्यासंगं आली न्हाई. तिला ही वाट ठावं न्हाई. बैलाच्या खोडीपायी पोरीचं नशीब फिरवू नगा."

"म्या खोटं न्हाई बोललो," गेनबा म्हणाला. "टोल दिल्याबिगर बैल फुडं जात न्हाईत, ह्ये म्या आदीच सांगितलं व्हतं. कुठला टोल, ते तुमी इचारलं न्हाई."

साळूबाईला हसू आले. मानसिंगरावांना आले नाही. त्यांनी खाली पडलेले सूप उचलून आत्याच्या हातात दिले. मग एवढेच म्हणाले, "गाडी वळवा. सडकंनं जायाचं."

साळूबाईही गाडीत चढली. "बघू तरी," ती म्हणाली, "खड्डं किती हायती."

बैलांना माघारी वळवणे सोपे नव्हते. सगळ्यांनी मिळून ढकलले, तेव्हा ती जोडी नाइलाजाने सडकेला लागली. खड्डे पुष्कळ होते. प्रत्येक खड्ड्याला साळूबाई "हं" म्हणत होती आणि मानसिंगराव दर वेळी दुसऱ्या बाजूला बघत होते. सोयरिकीबद्दल विचारायचे धाडस गेनबालाही झाले नाही.

नाका आला. सावळारामने आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीच्या खिडकीत हात घातला आणि टोल दिला. बदलीच्या शिपायाने बांबू वर केला. आता गाडीने पुढे जायचे तेवढे बाकी होते.

गाडी जाईना.

पाखऱ्या आणि बाशिंग्या उघड्या बांबूखाली उभे राहिले, आणि दोघांनी एकदम माना खाली घातल्या.

"चल रं! टोल दिला की!" सावळाराम काकुळतीला आला. बैल हलले नाहीत. एवढ्यात मागून धडधडत किकवीची मोटार आली. ती दुरुस्त झाली होती आणि उशीर झाल्यामुळे चिडलेली होती. तिने भोंगा वाजवला. तिच्यामागे कोळशाच्या दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या.

"काय झालं वं नाकेदार?" मोटारीतून एक जण ओरडला. "बैलांकडनं बी टोल मागता का काय?"

"पैसे दिलेत, तरी अडवलंय!" दुसरा म्हणाला.

मानसिंगरावांच्या नाक्यावर असा खोळंबा कधी झाला नव्हता. त्यांनी पाखऱ्याची शेपटी पिरगळून पाहिली, बाशिंग्याला पुढून ओढून पाहिले. बाशिंग्याने त्यांच्याकडे मोठ्या सहनशीलतेने बघितले आणि घुंगरे हलवली.

"अरं बाबा, काढ त्या माळा!" साळूबाई गाडीतून म्हणाली. "रीत ती रीत."

मानसिंगरावांनी मोटारीकडे पाहिले, शिपायाकडे पाहिले, बांबूकडे पाहिले. मग सरकारी टोपी काखेत मारून ते खाली वाकले आणि आपल्या हातांनी आधी पाखऱ्याची आणि मग बाशिंग्याची घुंगुरमाळ सोडली.

बैलांनी माना वर केल्या. आणि टोल भरलेली ती गाडी ऐन सडकेवरून, भरल्या माणसांतून, चोरपावलांनी, चाकाचासुद्धा आवाज न करता नाक्याच्या पलीकडे गेली.

सावळाराम खाली उतरून परत आला. माळा अजून मानसिंगरावांच्या हातात होत्या. त्याने हात पुढे केला. "द्या पाव्हणं. लई तरास दिला आमी."

मानसिंगरावांनी माळा दिल्या नाहीत. त्या त्यांनी खोलीत नेऊन खुंटीला अडकवल्या, आणि पाठमोरेच म्हणाले, "हितंच ऱ्हाऊ द्या. लगनाला वरात ह्याच सडकंनं यील, तवा नवरीच्या गाडीला म्या सोता बांधीन."

सावळारामला हे कळायला थोडा वेळ लागला. तोवर साळूबाईने गाडीतून हाक मारली, "आन् सावळारामा, लगनाचा तांदूळ तूच आण. फक्त सडकंनं आण!"

"म्हंजी तुमचा नाका बंद?" गेनबाने विचारले.

"बंद कशाला?" साळूबाई म्हणाली. "त्यो गुळवाला हाय की अजून."