माणिकरावांची सुट्टी

आमच्या घरी सुट्टी या शब्दाला सगळे घाबरायचे. बाबा हैदराबादच्या सुलतान बाजारात कापडाचे गठ्ठे वाहायचे. ज्या दिवशी गेले नाहीत त्या दिवशी मजुरी नाही. आई लोकांकडे भांडी घासायची, ती तर तापातही जायची. पत्र्याच्या एका खोलीत आम्ही पाच जण. मी विहाराच्या हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली बसून शिकले आणि घराण्यातली पहिली इंजिनीअर झाले. हे मी लाजून सांगत नाही, मान वर करून सांगते.

म्हणूनच कुकटपल्लीच्या ऑफिसात पहिल्या दिवशी कळलं, की इथे एक माणूस भरपगारी सुट्टी मिळत असताना सहा वर्षं ती घेत नाही, तेव्हा मला त्याचा राग आला.

ते माणिकराव. वय पंचावन्नच्या आसपास, घराणं नांदेडकडचं, जन्म हैदराबादचा. शर्टाच्या खिशाला पेनासारखा स्क्रूड्रायव्हर अडकवलेला. काहीही विचारा, उत्तर एकच. चहा घेता? "नक्को, चालू आहे ते." सहा वाजले, घरी जा की? "नक्को, चालू आहे ते."

'ते' म्हणजे कोपऱ्यातला एक कळकट कंप्युटर. आम्ही एका हॉस्पिटलसाठी प्रोग्राम लिहितो. त्यात कुणीही बदल केला की तो आपोआप तपासून, बांधून तयार करणारं एक मशीन लागतं. बऱ्याच कंपन्या त्यासाठी बाहेरचं मशीन भाड्यानं घेतात. हॉस्पिटलला ते नको होतं, म्हणून आमचं स्वतःचं. त्यावर रनर नावाचा छोटा प्रोग्राम कायम वाट बघत बसतो: काम आलं का, आलं का? पण लाइट गेली की हा रनर बंद पडायचा, आणि परत सुरू करायला माणिकरावांनीच येऊन, पासवर्ड टाकून, हातानं कमांड द्यायची. पासवर्ड दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. आणि लाइट काही वार बघून जात नाही. म्हणून फोन गेला की माणिकराव रविवारी यायचे, उगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला यायचे, दिवाळीला तर फराळाच्या डब्यासकट.

सख्ख्या पुतण्याचं लग्न त्यांनी त्या मशीनसमोर बसून मोबाइलवर पाहिलं. अक्षता टाकल्या त्या कीबोर्डवर. एक तांदूळ अजून स्पेसबारखाली आहे. दाबलं की करकरतो.

माझे प्रोबेशनचे सहा महिने भरत आले तेव्हा आमच्या तेलुगू मॅनेजर सुनीता मॅडमनी मला बोलावलं. "नवीन मशीन आलंय. रनर असा बसव, की माणिकराव गारू नसले तरी चालला पाहिजे. शुक्रवारी चारला हॉस्पिटलला नवं व्हर्जन द्यायचंय, ते नव्या मशीनवरूनच. जमलं तर तू पर्मनंट. नाही तर..." माझ्या भरवशावर बाबांनी नुकतंच गठ्ठे वाहणं सोडलं होतं.

शुक्रवारी सकाळी मी कामाला लागले. रनरची नोंदणी करायला वेबसाइटवरून एक टोकन मिळतं, ते तासभरच चालतं. मी टोकन काढलं आणि माणिकराव आडवे आले.

"मशीन तिथे नक्को. भिंतीला ओल आहे."

हलवलं.

"तिथेबी नक्को. ऊन येतं."

परत हलवलं.

"पंख्याचं वारं लागत नाही बघा तिथे."

"माणिकराव, मशीन बसवायचंय की बाळंतीण?"

"अवो इंजिनीअर बाई, इतकी घाई कैकू?"

तोवर टोकन संपलं. दुसरं काढलं. एक वाजता रनर लागला, स्क्रीनवर हिरवा ठिपका आला. मशीन बंद करून परत चालू केलं, तर ठिपका करडा. आपोआप उठायचं तर मशीन सुरू होताच रनरला जागं करणारी 'सर्व्हिस' बसवावी लागते. दोनदा बसवली, दोनदा एरर. जुन्या मशीनवरच्या सेटिंग बघू द्या म्हटलं, तर माणिकरावांनी कीबोर्डवर तळहातच पसरला.

"नक्को. चालू आहे ते."

"अडीच वाजलेत, माणिकराव! माझी नोकरी आहे ही!"

माझा आवाज एवढा चढला की सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. त्यांनी हात काढला, पासवर्ड टाकला आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

जुन्या मशीनवर मला सर्व्हिस सापडली. तयार. मी केलेल्या दोन्ही चुका टाळून नीट लिहिलेली. सहा वर्षांपूर्वी ती चार महिने व्यवस्थित चालली होती. लाइट जायची, यायची, रनर आपला आपण उठायचा. मग ती कुणीतरी बंद केली होती. त्या नोंदीपुढे नाव माणिकरावांचं.

"तुम्हाला येत होतं?" मी हळूच विचारलं.

ते वळले नाहीत. "बायको दवाखान्यात होती. तिच्यापाशी राहावं लागायचं, म्हणून बसवली." स्क्रूड्रायव्हर खिशातून काढला, परत अडकवला. "मग ती गेली. रविवारी घरात कुणाशी बोलू? टाकली बंद करून. लाइट गेली की इथून फोन यायचा, 'माणिकराव, या.' मला या म्हणणारं दुसरं कोण होतं, बेटी?"

पण घड्याळ थांबत नव्हतं. जुना रनर बंद केला आणि त्यांची सर्व्हिस मी नव्या मशीनवर उतरवली. हिरवा ठिपका. हॉस्पिटलचं काम सोडलं, आणि ते रांगेतच उभं राहिलं. पाच मिनिटं. दहा. रनर मोकळा बसलेला, काम त्याच्याकडे जाईना. साडेतीन झाले. सुनीता मॅडम माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

माणिकराव गप्प राहिले असते तर जुनं मशीन राहिलं असतं, आणि फोनही येत राहिले असते.

"लेबल," ते खिडकीपासूनच म्हणाले. "काम जुन्या लेबलचा रनर शोधतंय. नव्याला ते लेबल दिलंच नाही तुम्ही."

दिलं. त्याच क्षणी काम उचललं गेलं, ओळी धावायला लागल्या. चारला पाच मिनिटं कमी असताना सगळं पास.

"आणि लाइट गेली तर?" मॅडम म्हणाल्या.

माणिकराव स्वतः गेले आणि नव्या मशीनचा स्विच पाडला. थोडं थांबून वर केला. कुणी कीबोर्डला हात लावला नाही. ठिपका करडा. करडा. करडाच. मग हिरवा.

"चालू आहे ते?" त्यांनी विचारलं. त्यांना हे विचारताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"चालू आहे," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि डबा पिशवीत घातला.

रविवारी दुपारी ऑफिसची लाइट गेली. मी मोबाइलवर बघत होते: ठिपका करडा झाला आणि लाइट आल्यावर आपोआप हिरवा. तरी मी फोन लावला.

"माणिकराव, या."

"बंद पडलं? आलोच, दहा मिनिटांत..."

"नाही, चालू आहे ते. आईनं अंबाडीची भाजी अन् भाकरी केलीय. जेवायला या."

आता नक्को येणार, मी मनात म्हटलं.

"पत्ता सांग, बेटी."

आले. बाबांशी सुलतान बाजारच्या जुन्या दुकानांवर तासभर बोलले. मग आमच्या पंख्याची घरघर त्यांना ऐकवेना. खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून स्टुलावर चढले.

मी पर्मनंट झाले. रनर त्यानंतर कुणाला हातानं सुरू करावा लागला नाही. आणि त्या रविवारी लाइट जाऊनही माणिकराव ऑफिसात गेले नाहीत. सहा वर्षांतली ती त्यांची पहिली सुट्टी.