दळणाच्या डब्याची हकीकत

श्री. चौकातल्या शेंदरी गणपतीस दुरून हात जोडून, आणि आजवर ज्यांनी ज्यांनी या गल्लीत पिशवी घेऊन पायी खरेदी केली त्या सर्वांस वडीलकीचा मान देऊन ही हकीकत लिहावयास घेतली. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, पौष वद्य दशमी, वार शुक्रवार. संवत्सराचे नाव क्रोधी खरे, परंतु ते दिवशी राज्यात कोणी कोणावर रागावल्याचे आढळत नाही. रोजच्यासारखाच दिवस होता. ऐसे दिवस लिहून ठेवण्याची चाल नाही, म्हणून त्यातले पुष्कळ हरवते.

राज्य म्हणजे एक गल्ली. नाव लिहिण्याचे कारण नाही. जिथे सकाळी सातास इस्त्रीवाल्याचा रेडिओ लागतो आणि रात्री दहास पानवाला झोपायला जातो, तिथे जाऊन कोणीही खात्री करून घ्यावी. पूर्वेच्या वेशीवर अण्णांचे उपाहारगृह, मध्ये हिरजीशेटचे किराणा दुकान, पश्चिमेच्या टोकास लोणकरभाऊंची पिठाची गिरणी. या मुलखावर मातोश्री शरयूबाईसाहेब राज्य करीत. वय अडुसष्ट, टपालखात्यातून निवृत्त होऊन गादीवर आलेल्या. गादी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. त्यांनी राज्यात वतने नेमून दिली होती: जिरे हिरजीशेटकडचे, मोहरी त्याच्या समोरच्या दुकानातली, पाव कोपऱ्यावरच्या बेकरीचा, कॉफी अण्णांची आणि पीठ भाऊंच्या गिरणीचे. एकाच दुकानातून सगळे घेणे हा त्यांच्या राज्यात मोठा गुन्हा. मोहरी हिरजीशेटकडेही होती, आणि चांगली होती, परंतु समोरच्याच्या तोंडाला पाने पुसावी काय, हा बाईसाहेबांचा सवाल असे. यास्तव चार जिनसांस दोन तास लागत. कोठे बाकावर बसणे होई, कोठे कोणाच्या सुनेची प्रकृती विचारणे होई, आणि कोथिंबीर घ्यायला गेलेली स्वारी कधी कधी कोथिंबीर विसरून परत येई.

बाईसाहेबांस कन्या एकच, नाव उल्का, वय चाळीस. घरीच संगणकापुढे बसून नोकरी करी आणि उरला वेळ पुस्तके वाची. दूरदूरच्या राज्यांचे इतिहास तिला मुखोद्गत होते, पण खालच्या गल्लीतली गिरणी किती वाजता बंद होते ते ठाऊक नव्हते. बाईसाहेब रोज निघताना दारात उभ्या राहून, एक चप्पल पायात आणि एक हातात अशा बेताने विचारीत, "येतेस का गं?" आणि कन्या मान वर न करता सांगे, "तू जा. मला काम आहे." ऐसे रोज. सुट्टीच्या दिवशीही. बाईसाहेबांनी विचारणे सोडले नाही आणि कन्येने उत्तर बदलले नाही.

त्या साली राज्यावर संकट आले ते फोनच्या मार्गाने. दहा मिनिटांत वाटेल ते दारी आणून टाकणारे स्वार शिरस्त्राणे घालून गल्लीत दौडू लागले. त्यांचा दोष नव्हता; ते बिचारे घामाघूम होऊन, घरांचे क्रमांक शोधीत, ज्याने बोलाविले त्याच्याकडे जात. परंतु त्यांच्या पिशव्यांतून पाकीटबंद पीठही आले, आणि लोणकरभाऊंच्या गिरणीत दळणाचे डबे कमी होऊ लागले. भाऊंचे गुडघे दुखत. मुलगा परगावी होता, तो फोनवर म्हणे, बाबा, पुरे आता. गाळ्यावर मोबाईलची कव्हरे विकणाऱ्याचा डोळा होताच. एके दिवशी भाऊ बाईसाहेबांस म्हणाले, "ताई, संक्रांत झाली की गिरणीचा पट्टा काढून ठेवतो. आता कोणासाठी फिरवायची?" हे ऐकून बाईसाहेबांनी पदर खोचला आणि मोहीम काढिली. घरोघर जाऊन, प्रसंगी दोन दोन कप चहा पिऊन, त्यांनी अकरा घरे जिंकून घेतली. दुसऱ्या मजल्यावरच्या कर्णिकबाईंकडे तर घरघंटी होती, तो किल्ला अवघड. बाईसाहेब तिथे जाऊन इतकेच बोलल्या, "तुमची घंटी सुरू झाली की आमच्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण सरकत सरकत कडेला येतो हो. मी काही म्हणत नाही. पण पडला तर?" कर्णिकबाई घाबरल्या आणि दुसऱ्याच दिवशी गहू गिरणीत रवाना झाले. तेणेकरून संक्रांत टळली, भाऊंनी पट्टा काढिला नाही, महिनाभर पाहू म्हणाले.

आता त्या शुक्रवारचा मजकूर. सकाळी अकराच्या सुमारास बाईसाहेबांनी पाच किलो गव्हाचा डबा दाराशी आणून ठेविला आणि हुकूम केला, "आज दळण तू ने. भाऊ एकपर्यंतच चालवतात. मी अण्णांकडे आणि हिरजीशेटकडे जाऊन येते." कन्या म्हणाली, "नेते." मग कामात गर्क जाहली. भानावर आली तेव्हा एक वाजून दहा मिनिटे झाली होती. मग तिने काय करावे? जे फितूर करितात तेच केले. फोनवरून पीठ मागविले. डब्यातले गहू उशीच्या फुलाफुलांच्या अभ्र्यात ओतून, वर गाठ मारून अभ्रा कपाटामागे दडविला आणि पाकिटाचे पीठ डब्यात भरिले. इथवर ठीक होते. मग तिला आठवले की गिरणीतून आलेला डबा गरम असतो. लहानपणी थंडीच्या दिवसांत आई दळण घेऊन आली की ती त्या डब्याला दोन्ही हातांनी बिलगून बसे, आणि आई म्हणे, अगं झाकण पडेल. हे आठवून कन्येने, इतके इतिहास वाचलेल्या कन्येने, डबा नेऊन गॅलरीत उन्हात ठेविला. अर्धा तास. मध्ये एकदा बाजू फिरवून.

बाईसाहेब दोन वाजता आल्या. येताच डब्यावर तळवा ठेविला, तो ऊन लागला. मग झाकण काढून चार बोटे आत घातली आणि काही काळ तशीच ठेविली. म्हणाल्या, "आज भाऊंच्या गिरणीला थंडी वाजलेली दिसते." कन्या म्हणाली, "पौष आहे ना." बाईसाहेब म्हणाल्या, "हं. पौष आहे खरा." आणि पीठ मळावयास घेतले. जेवताना पोळीचा तुकडा मोडून म्हणाल्या, "मऊ झाल्यात हो." कन्येस वाटले, सुटले. चारच्या सुमारास त्या पुन्हा चपला शोधू लागल्या. "भाऊंकडे जरा जाऊन येते. येतेस का गं?" "तू जा, आई. मला काम आहे." अर्ध्या तासाने परतल्या त्या हसत होत्या. कन्येने का म्हणून विचारिले नाही. दुसरे दिवशी सकाळी देवापुढे दिवा लावून बाईसाहेब भिंतीस टेकून बसल्या, त्या उठल्या नाहीत. डॉक्टर खालचेच, धावत आले. त्याविषयी अधिक लिहिता येत नाही.

पुढले तेरा दिवस गल्लीने घर चालविले. अण्णांकडून सकाळी उपमा येई, तो कोणी सांगितला हे कोणी सांगेना. हिरजीशेट स्वतः तीन जिने चढून आले आणि दम लागल्यामुळे पाच मिनिटे काही बोलू शकले नाहीत, मग बोलायचे ते राहूनच गेले. नातलग आले, गेले. तेरावे जाहले आणि चौदाव्या दिवशी, माघ शुद्ध दशमी, शुक्रवार, पाहुण्यांची अंथरुणे आवरताना एक अभ्रा कमी आला. कन्या शोधू लागली. कपाटामागे हात घातला तो गव्हावर पडला. मग ती तिथेच जमिनीवर बसली, आणि पुष्कळ वेळाने उठली, आणि घड्याळ पाहिले, आणि गहू डब्यात न ओतता अभ्रा तसाच खांद्यावर टाकून, रिकामा डबा दुसऱ्या हातात घेऊन, जिना उतरली.

गिरणीत लोणकरभाऊ स्टुलावर बसले होते. भुवया पांढऱ्या, त्या वयाने की पिठाने, हे ठरविणे कठीण. म्हणाले, "ये. उल्का ना तू? लहान होतीस तेव्हा पाहिलं होतं." मग अभ्र्याकडे पाहून म्हणाले, "गहू झोपले होते की काय?" कन्येस हसू आले, आणि त्या दिवसांत प्रथमच आले म्हणून तिचे तिलाच नवल वाटले. ती म्हणाली, "भाऊ, हे त्या दिवशीचं दळण आहे. मी आणलंच नव्हतं. आईला मी..." भाऊ म्हणाले, "ठाऊक आहे. ताई आल्या होत्या ना चार वाजता, मी गिरणी झाडत होतो तेव्हा." कन्येने अभ्रा खाली ठेविला. भाऊ सांगू लागले, "या इथंच बसल्या, पोत्यावर. म्हणाल्या, भाऊ, आज माझ्याच घरात पाकीट आलं. मी म्हटलं, ताई, मग झालं की. तुमच्याच घरात आलं तर मी पट्टा काढतो. तर हसायलाच लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या बघ. म्हणाल्या, अहो, पोरीनं डबा उन्हात ठेवला होता. तापवायला." कन्येने मान खाली घातली. भाऊ म्हणाले, "ऐक तर. म्हणाल्या, म्हणजे पीठ गरम येतं हे तिच्या लक्षात आहे. अर्धी आलीच की हो ती. उरलेली अर्धी येईल सावकाश. तोवर गिरणी बंद करू नका. मी विचारलं, तोवर म्हणजे कधीपर्यंत? तर म्हणाल्या, तिचं काम आटपेपर्यंत."

बाहेरून एक स्वार भरधाव गेला. मग भाऊंनी अभ्र्याची गाठ सोडावयास घेतली, ती सुटेना म्हणून दातांनी ओढली, आणि म्हणाले, "जाडसर की बारीक?" कन्येस ठाऊक नव्हते. चाळीस वर्षे ज्या पोळ्या खाल्ल्या त्यांचे पीठ जाडसर होते की बारीक, हे तिने कधी पाहिलेच नव्हते. ती म्हणाली, "आई न्यायची तसं." भाऊ म्हणाले, "मग मध्यम. पण हात लावून बघायचं हं, ताई बघायच्या. मी चांगलं दळतो यावर त्यांचा कधी विश्वास बसला नाही." गिरणी सुरू जाहली. धडधडीने भिंती हालू लागल्या, भाऊ काहीतरी ओरडून सांगत होते ते ऐकू येईना, आणि पन्हळीतून पीठ पडू लागले तेव्हा कन्येने खाली हात धरिला. ऊन होते. दोन बोटांत घेऊन चोळिले, आई कसे चोळीत असेल त्या अदमासाने. भाऊंनी गिरणी थांबवून विचारले, "काय?" ती म्हणाली, "चालेल." भाऊ म्हणाले, "ताईही एवढंच म्हणायच्या. छान म्हणून कधी म्हणाल्या नाहीत." मग पुसले, "आता काय करू सांग. मुलगा रोज विचारतो. पट्टा काढू का ठेवू?" कन्या म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी मी किती वाजता येऊ?" भाऊ तिच्याकडे पाहत राहिले. म्हणाले, "साडेअकरा. ताईंची वेळ तीच. आणि एकच्या आत ये बाई, तुझा इतिहास काही बरा नाही."

डबा पोटाशी धरून कन्या गल्लीतून निघाली. झाकण हाले म्हणून हनुवटीने दाबून धरिले. अण्णांच्या दारापाशी अण्णांनी विचारले, "पार्सल देऊ? तुमच्या आई रोज न्यायच्या ते?" कन्येने ती इडली वर्षानुवर्षे संगणकापुढे बसून खाल्ली होती, एका हाताने, पडद्यावरची नजर न काढता. ती म्हणाली, "नको. बसते." अण्णा म्हणाले, "बसाच. मी आईंना रोज सांगायचो, इथं आणा हो मुलीला, घरी जाईपर्यंत गार होते इडली. तर म्हणायच्या, आणते, आणते." आणि कोपऱ्यातल्या मेजावर पाण्याचा पेला ठेवून ते आत गेले. इडलीतून वाफ निघत होती. डबा शेजारच्या खुर्चीवर ठेविला होता. वाढप्याने विचारले, ही खुर्ची घेऊ का, तर कन्या म्हणाली, राहू द्या.

येणेप्रमाणे या राज्याची हालहवाल. मोबाईलची कव्हरे विकणारा दुसरा गाळा पाहतो आहे. कर्णिकबाईंची घरघंटी माळ्यावर गेली, बाळकृष्ण जागच्या जागी आहेत. जिरे हिरजीशेटकडून येते, मोहरी समोरून, आणि चार जिनसांस कन्येला अद्याप पाऊण तासच लागतो, सबब ती या कामात कच्ची आहे असे गल्लीचे मत पडले आहे. फोनवरून अजूनही काही काही येते, ते नाकारून लिहिणे खोटे होईल. पीठ येत नाही. तदनंतरचा शुक्रवार, माघ वद्य, सकाळचे सव्वाअकरा. कन्येने संगणक मिटला. गव्हाचा डबा दाराशी नेऊन ठेविला आणि पिशवी घेतली. घरात दुसरे कोणी नव्हते आणि कोणी काही विचारिले नाही. तरी ती दारात, एक चप्पल पायात आणि एक हातात, थांबली, आणि मोठ्याने म्हणाली, "हो, आई. येते. थांब, चप्पल घालते."