मोरेनाची झडप

“वास मारत होती म्हणून धुतली. वास तुमचा आला असता तर तुम्हालाही धुतलं असतं,” मी म्हणाले.

“मोलेफीची आई, ती झडप होती, चुलीवरचं फडकं नव्हे,” आमचे म्हातारे दातओठ खात म्हणाले. (दात दोनच उरलेत, पण खातात.)

झडप म्हणजे आमच्या मोरेना एडक्याच्या पोटाखाली बांधायचं कातडं. उन्हाळा सरू लागला की त्याला हुरूप चढतो. तेव्हा झडप सुटली तर मेंढ्या अवेळी फळतात, आणि कोकरं ऐन हिवाळ्यात, जुलैच्या बर्फात पडतात. बर्फात पडलेलं कोकरू सकाळी दगड होऊन हाताला लागतं. हे मला कुणी शिकवायला नको. अक्षरंसुद्धा मी मिठाच्या पिशव्या वाचून शिकले, कुठल्या मास्तराच्या पाया पडले नाही.

पण एवढीशी झडप, ओढ्यावर नेऊन आणायला किती वेळ लागतो? बाईमाणसानं कोंडवाड्यात पाऊल टाकायचं नसतं, म्हणून मिठाचा खडा दाखवत मोरेनाला दाराशी आणला, खांबाला बांधला आणि झडप सोडली. त्याच सकाळी मी घराची दर्शनी भिंत तांबड्या मातीनं लिंपून नक्षी काढली होती. (अख्ख्या खोऱ्यात तशी कुणाची नाही.) ओढ्यावरून परत येते तो दोर तुटलेला, ओल्या नक्षीवर एडक्याच्या छातीएवढा डाग, आणि एडका गायब.

वर पाहिलं. डोंगरभर तिरपं ऊन पसरलेलं, गवत सोन्यासारखं, आणि उतारावर आमची मेंढरं शांत चरतायत. एकेकीच्या पुठ्ठ्यावर तांबडा शिक्का. शेजारणीच्या मेंढ्यांवर शिक्का. ओढ्यापलीकडे ज्यांच्याशी आमचं बोलणंसुद्धा नाही, त्यांच्याही मेंढ्यांवर. आणि सगळ्यांच्या वर, कड्याच्या टोकाला तो उभा. छाती लाल, मान ताठ, मालुतीचे डोंगर जणू त्यानंच रचलेले. मी हातातली ओली झडप छातीशी धरून नुसती बघत राहिले. रागवायचं राहूनच गेलं. (कामाचा असा उरक मी उभ्या जन्मात कुणा पुरुषात पाहिला नाही. हे म्हाताऱ्यांना सांगितलं, तिथूनच भांडण पेटलं.)

“जुलैत कोकरं ठेवणार कुठं?” ते आता विचारत होते. “कोंडवाड्याला छप्पर नाही. सगळी मरतील.”

“शिक्का बसला म्हणजे गाभण राहिली असं नाही.”

“आणि राहिली तर?”

“तर सगळ्यांआधी मला कळेल. गाभण कोण ते मी नुसत्या चालीवरून ओळखते. या डोळ्यांतून आजवर एक सुटलेली नाही.”

“तुझ्या डोळ्यांनी कोकरांना ऊब मिळते का?”

“सुनेच्या खोलीत चूल आहे. तिथं घेऊ.”

“तिला विचारलंस?”

“सुनेला काय विचारायचं?”

सून दाराशी ज्वारी पाखडत बसली होती. लग्नाच्या दिवशीच, रीतीप्रमाणे, पुढे होणाऱ्या लेकाच्या नावावरून आम्ही तिचं नाव माखोत्सो ठेवलं, म्हणजे खोत्सोची आई. खोत्सोचा अजून पत्ता नव्हता. सासऱ्यासमोर ती कधी तोंड उघडत नाही. आज तिनं सूप खाली ठेवलं.

“घ्या की कोकरं,” ती म्हणाली, “फक्त चुलीजवळची जागा खोत्सोला ठेवा, आई, तोही जुलैतच येतोय.”